पॉवर, सत्ता, हक्क आणि बळ

आपल्या वस्तीत दिवसातून पन्नास वेळा पॉवर हा शब्द कानावर येतो. चष्म्याची पॉवर वाढली. गोळी हाय पॉवरची आहे, उपाशीपोटी घेऊ नका. खोलीचे कागद करताना पॉवर ऑफ ॲटर्नी दिली. अमक्याची वर पॉवर आहे, त्याच्या नादी लागू नका. गिरण्या चालू होत्या तेव्हा 'पॉवर गेली' म्हणजे वीज गेली आणि साचे थांबले. एकाच शब्दात इतकी ओझी आपण भरली आहेत. हा इंग्रजी शब्द मुळात लॅटिन भाषेतला, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. त्याचा मूळ अर्थ अगदी साधा, 'जमणे', 'करता येणे'. ज्याला जमते त्याच्याजवळ पॉवर.

मराठीत मात्र यासाठी एक शब्द नाही. सत्ता, शक्ती, बळ, अधिकार हे संस्कृत-पालीकडचे. हक्क, हुकूम, ताकद, कुवत हे अरबीतून आलेले. जोर फारसीचा. पॉवर साहेबाचा. म्हणजे जो जो राज्यकर्ता इथे आला त्याने आपला शब्द मागे ठेवला आणि आपण सगळे सांभाळून ठेवले. शब्द आपल्या पदरात पडले, पण त्या शब्दातली वस्तू किती पडली, हा खरा सवाल आहे. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या अंकात मी त्याच सवालाचा थोडा इतिहास मांडणार आहे.

पहिला शब्द हक्क. आपल्या आजा-पणजांना हक्क नव्हते असे आपण भाषणात सरसकट म्हणतो. ते बरोबर नाही. हक्क होते, चांगले बावन्न होते! बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. काय होते ते हक्क? मेलेल्या जनावराचे कातडे, खळ्यावरच्या धान्यातला वाटा, घरोघर फिरून भाकरी मागणे, प्रेतावरचे कापड. आणि त्याच्या बदल्यात काम कोणते? गावची राखण, सरकारी खजिना पोचवणे, सारा भरायला लोकांना बोलावून आणणे, मयताची खबर परगावी नेणे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे. गावाच्या शिवेचा तंटा झाला तर महाराची साक्ष मानली जाई, कारण शीव कुठून कुठे जाते ते त्यालाच पक्के ठाऊक. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. हक्क शब्द होता, सत्ता नव्हती. शिळ्या भाकरीचा हक्क हा हक्कच असतो, पण तो माणसाला उभा राहू देत नाही.

वतनाचा मोह सुटायला फार काळ गेला. इंग्रजांनी १८७४ साली वंशपरंपरागत वतनांचा कायदा करून ही गुलामी कागदावर पक्की केली. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले. ते तेव्हा तडीस गेले नाही, मागे घ्यावे लागले. त्या वेळी आपल्याच काही लोकांना वतन जाणार म्हणून धास्ती वाटत होती हे विसरून चालणार नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

दुसरा शब्द अधिकार. हा शब्द जरा जपून वापरावा असा आहे. आज आपण अधिकारी म्हणजे साहेब समजतो आणि मूलभूत अधिकार म्हणजे संविधानाने दिलेले हक्क समजतो. जुन्या धर्मशास्त्रात अधिकार म्हणजे लायकी. वेद शिकण्याचा अधिकार कोणाला, यज्ञाचा अधिकार कोणाला, यावर पानेच्या पाने लिहिली गेली आणि शूद्राला तो नाही असे ठरवले गेले. म्हणजे तुम्हाला एखादी गोष्ट येते का, जमते का, हे कोणी बघायचेच नाही. इंग्रजी पॉवर 'जमते' यावरून निघाली आणि आपल्याकडचा अधिकार 'तुला चालत नाही' यावर उभा राहिला. अर्थाचा हा फरक मला फार मोठा वाटतो.

नंतर तोच शब्द सरकारी ठरावात आला, पण त्याची खोड गेली नाही. महाडचे उदाहरण घ्या. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. आता अधिकार मिळाला की नाही? कागदावर पुरता मिळाला. पण तीन वर्षे एकही माणूस त्या तळ्यावर जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः लोकांना घेऊन गेले, पाणी प्याले, आणि मग सवर्णांनी परिषदेच्या लोकांवर लाठ्या चालवल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर कोर्टाची तात्पुरती मनाई आली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावरचा सत्याग्रह मनाईमुळे स्थगित ठेवावा लागला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी पहिल्या ठरावापासून चौदा वर्षे!

आता सत्ता. सत् म्हणजे असणे, त्यावरून सत्ता. संस्कृतात सत्ता म्हणजे अस्तित्व. राज्य चालवणे हा अर्थ मराठीत रुळला. मला यात एक गोम दिसते. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याचे अस्तित्वच हिशेबात धरायचे नाही, असा आपल्या देशाचा रिवाजच होता. गंमत अशी की आपण विहारात मैत्रीभावना म्हणतो तेव्हा पालीतला 'सत्ता' शब्द दर वेळी तोंडी येतो. लहान मुलांना वाटते की राज्याबद्दल काही चालले आहे. तिथे सत्ता म्हणजे सत्त्व, प्राणी, सगळे जीव. किडामुंगीसुद्धा त्यात आली. पालीत सत्ता सगळ्यांची असते, मराठीत ती एखाद्याचीच असते.

राजकीय सत्तेचा विचार बाबासाहेबांनी फार लवकर सुरू केला. १९१९ साली ते साऊथबरो कमिटीपुढे साक्ष द्यायला गेले तेव्हा वय सत्तावीस. त्या काळी मत देण्याचा हक्क मालमत्तेवर मिळे. ज्याच्याकडे जमीन नाही, घर नाही, त्याला मत नाही. म्हणजे आपला समाज मुळातच बाहेर. पुढे सायमन कमिशनपुढे १९२८ साली त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांच्या तोंडावर सांगितले की तुमच्या राज्यात आमचे दुःख हटले नाही आणि राजकीय सत्ता आमच्या हातात आल्याशिवाय ते हटणारही नाही. १९४८ साली लखनौच्या भाषणात त्यांनी हीच राजकीय सत्ता सगळ्या सामाजिक प्रगतीची किल्ली असल्याचे सांगितले. हे वाक्य आपल्याकडे भिंतीवर फार रंगवले जाते. पण किल्ली कोणाच्या हातात हे बाबासाहेबांनी त्याआधीच, १९३६ साली, जातिप्रथेच्या विध्वंसनावरच्या पुस्तकात दाखवून ठेवले होते. तो भाग कमी वाचला जातो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या पुस्तकात ते समाजवाद्यांशी वाद घालतात. समाजवादी म्हणत, पैसा हीच एकमेव सत्ता. बाबासाहेब म्हणतात की धर्म, सामाजिक दर्जा आणि मालमत्ता या तिन्हींतून एक माणूस दुसऱ्यावर सत्ता गाजवतो. हिंदुस्थानात कफल्लक साधूच्या सांगण्यावरून गरीब माणूस घरातली किडूकमिडूक विकून काशीला जातो, ती पैशाची सत्ता आहे का? मग ते रोमचा दाखला देतात. रोममध्ये पॅट्रिशियन म्हणजे उच्च कुळातले आणि प्लेबियन म्हणजे सामान्य जन. प्लेबियनांनी लढून आपला एक कॉन्सल, म्हणजे वरिष्ठ शासक, निवडण्याचा हक्क मिळवला. हेतू असा की पॅट्रिशियनांच्या पक्षपाताला आळा बसावा. पण निवडून आलेला माणूस देवीला मान्य आहे का, हे कौल लावून ठरायचे, आणि कौल सांगणारे पुजारी पॅट्रिशियन. प्लेबियनांचा कोणी खंबीर माणूस निवडून आला की देवीला तो मान्य नसे. पॅट्रिशियनांपुढे मान तुकवणारा असला की देवी प्रसन्न! प्लेबियनांनी हे निमूट मानले, कारण त्यांचाही देवीवर विश्वास होता. खुर्ची मिळाली आणि सत्ता गेली.

हे लिहिताना बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे पुणे करार असणार असे मला वाटते, हा माझा तर्क. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळातल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या. आकडा दुपटीने वाढला, पण शेवटचे मत सगळ्या हिंदूंचे. १९४६ च्या निवडणुकीत प्राथमिक फेरीत पुढे असलेले शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार शेवटच्या फेरीत पडले. १९५२ साली संविधानाचे शिल्पकार स्वतः उत्तर मुंबईत पडले, १९५४ साली भंडाऱ्यात पडले. रोमच्या देवीचा कौल, दुसरे काय.

एवढे सांगितल्यावर गिरणीतल्या पॉवरकडे येतो, कारण ती पॉवर आपल्या पोटाशी बांधलेली होती. मुंबईच्या गिरण्या आधी वाफेवर चालत. लोणावळ्याच्या घाटात धरणे बांधून पाणी खाली खोपोलीला सोडायचे आणि त्यावर वीज करायची, ही टाटांची योजना १९१५ साली सुरू झाली आणि ती वीज गिरण्यांना आली. त्याच घाटात मुळशीला धरण बांधायला घेतले तेव्हा मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी. धरण झाले, जमिनी बुडाल्या. मुंबईत साचा फिरायचा तो मावळातल्या शेतकऱ्याच्या बुडालेल्या भाताच्या खाचरावर, हे साचेवाल्याला कोण सांगणार?

आणि त्या साच्यावर आपला माणूस तरी कुठे होता? साचेखात्यात पगार जास्त, तिथे अस्पृश्याला बंदी. कारण काय तर धोट्यात नवी कांडी भरली की सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. महाराची थुंकी लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? एरवी लाल बावट्याखाली सगळे कामगार एक. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे स्पष्ट ठेवला आणि साचेखाते आमच्या माणसांना खुले करा ही मागणी मागण्यांत आणायला लावली. गिरणीत पॉवर विजेची होती तशी जातीचीही होती. जॉबरची तर होतीच. नोकरी लावणारा तो, काढणारा तो.

दहा वर्षांनी चित्र थोडे पालटले. औद्योगिक कलह बिलाने संपाच्या हक्काला फास बसणार म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. बिल तरीही पास झाले, कारण विधिमंडळात डोकी मोजतात आणि रस्त्यावरची डोकी तिथे धरत नाहीत. याची उलटी बाजू १८ जानेवारी १९८२ च्या संपात दिसली. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बळ एवढे मोठे, पण बोलणी करण्याचा अधिकार १९४६ च्या कायद्याने एका मान्यताप्राप्त युनियनकडे. माणसे एकीकडे, शिक्का दुसरीकडे. 'सत्तेपुढे शहाणपण चालत नाही' ही म्हण आहे, तिथे सत्तेपुढे संख्यासुद्धा चालली नाही.

विजेच्या पॉवरबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना माहीत हवी. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आपण त्या काळातले कामाचे तास लक्षात ठेवतो, १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ चे ४८ झाले ते. पण वीज आणि पाटबंधारे ही खातीही त्यांच्याकडेच होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरणसमितीपुढे भाषण करताना त्यांनी वीज कशाला हवी हा प्रश्न तांत्रिक लोकांच्या हातून काढून घेतला. गरिबीच्या चरकातून लोकांना सोडवायचे तर कारखानदारी हवी, कारखानदारीला वीज हवी, आणि ती मुबलक नि स्वस्त हवी, असे त्यांचे म्हणणे. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि दामोदर खोऱ्याची योजना यांचा पाया त्यांच्या काळातला. राजकीय पॉवर मागणारा माणूस विजेची पॉवरही मागत होता आणि दोन्हींचा हिशेब एकच होता, गरिबाच्या घरात काय पोचते. वीज गावात आली तेव्हा खांब आधी कोणत्या आळीत आले आणि बौद्धवाड्यात किती वर्षांनी आले, ते ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक आहे.

परदेशातून हाच शब्द आणखी एकदा आपल्याकडे आला. १९६६ साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यात स्टोकली कारमायकेल या तरुण काळ्या पुढाऱ्याने ब्लॅक पॉवर ही घोषणा दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच नावावरून. त्या घोषणेतली पॉवर खुर्चीची नव्हती. काळा रंग लाजेचा नाही, असे आधी स्वतःला सांगायचे होते. आपल्याकडे हे काम १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होऊन गेले होते. म्हणूनच पँथरच्या पोरांना नुसती हाक द्यावी लागली, माणसे आधीच उभी होती.

बळ हा शब्द मी मागे ठेवला होता. 'बळी तो कान पिळी' अशी म्हण असल्यामुळे बळ म्हटले की दंडच आठवतो. भगवान बुद्धांनी पाच बळे सांगितली ती अशी: श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा. वीर्य म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न. यात दंड नाही, घोडदळ नाही, पैसा नाही. अलौकिक चमत्कारसुद्धा नाही. राजगृहाच्या एका शेठने चंदनाचे पात्र उंच बांबूवर टांगले आणि ऋद्धिबल असेल त्याने उडून घ्यावे असे आव्हान दिले. पिंडोल भारद्वाज या भिक्खूने ते घेतले, अशी विनयातली कथा. भगवंतांनी त्याला शाबासकी दिली नाही. ते पात्र फोडून त्याची पूड भिक्खूंना डोळ्यांच्या अंजनासाठी वाटून टाकायला लावली! चमत्काराची पॉवर दाखवून लोक गोळा करणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखात बाबासाहेब बळाचे दोन प्रकार वेगळे करतात. निर्माण करणारी ऊर्जा म्हणून बळ आणि हिंसा म्हणून बळ. हा फरक त्यांनी आपले गुरू जॉन ड्युई यांच्याकडून घेतला आणि तसे सांगितलेही. म्हणजे बुद्धाची अहिंसा हातावर हात धरून बसणारी नाही.

सम्राट अशोकाचे आपण गोडवे गातो, पण त्याचे शिलालेख वाचले तर तो माणूस जास्त खरा वाटतो. कलिंगात एक लाख माणसे मेली, दीड लाख धरून नेली, हे त्याने स्वतः तेराव्या लेखात कोरून घेतले. पश्चात्ताप सांगितला. त्याच लेखात रानातल्या लोकांना हेही बजावले की पश्चात्ताप झाला असला तरी राजाच्या अंगी बळ आहे. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगढला, तो तेरावा लेख त्याने कोरलाच नाही. जिंकलेल्या लोकांपुढे माफी मागणे चक्रवर्तीलाही जड गेले असावे. कलिंग परत दिला नाही तो नाहीच. आपल्याजवळ, सोपाऱ्याला, त्याच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. त्या लेखात तो म्हणतो की पूर्वीचे राजे 'विहारयात्रा' करीत, म्हणजे शिकार आणि मौजमजा. त्याने संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केली. विहार शब्दाचा तेव्हा असाही अर्थ होता, हे स्मरणिकेत नोंदवून ठेवायला हरकत नाही.

अलीकडचे एकच सांगतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामपंचायतीत मागासवर्गीयांना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि बायकांना एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्राने २०११ साली बायकांच्या जागा निम्म्या केल्या. आपल्या बाया सरपंच झाल्या. काही ठिकाणी त्यांनी कामे करून दाखवली. काही ठिकाणी सही बाईची आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात, आणि तो नवराही पाटलाला विचारून चालणारा. रोमची देवी मरत नाही.

आता सत्तेच्या बाबतीत भगवंतांनी स्वतः काय केले ते सांगून थांबतो. देवदत्ताने त्यांच्याकडे संघाचे पुढारीपण मागितले. आपले वय झाले, संघ माझ्या हवाली करा, असे म्हणाला. भगवंत म्हणाले, मी तो सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याही हवाली करणार नाही. त्यांनी वारस नेमलाच नाही. मज्झिम निकायात गोपक मोग्गल्लान सुत्त आहे. भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर फार दिवस झालेले नव्हते. अजातशत्रू राजा दुसऱ्या राजाच्या भीतीने राजगृहाचा कोट दुरुस्त करून घेत होता. कामावर देखरेख करणारा त्याचा मंत्री वस्सकार आनंदांना भेटला आणि त्याने राजकारणी माणसाला पडेल तोच प्रश्न विचारला. बुद्धांनी आपल्यामागे तुमचा प्रमुख म्हणून कोणाला नेमले आहे का? आनंद म्हणाले, नाही. मग संघाने मिळून कोणाला निवडले आहे का? तेही नाही. मग तुमची एकी टिकते कशावर? आनंदांनी सांगितले की आम्ही निराधार नाही, धम्म आमचा आधार आहे. एका गावाच्या हद्दीत राहणारे आम्ही सगळे उपोसथाच्या दिवशी एकत्र जमतो, नियम म्हणून दाखवतो, आणि कोणाकडून चूक झाली असेल तर नियमाप्रमाणे तिची तड लावतो. कोणी व्यक्ती आम्हाला हाकत नाही, धम्म हाकतो. वस्सकाराने हे ऐकून घेतले आणि शेजारी असलेल्या उपनंद सेनापतीला विचारले, हे लोक ज्याला मान द्यायचा त्यालाच देतात, असे तुम्हाला वाटते ना? सेनापती हो म्हणाला.